तुमच्या आजोबांचं पान आणि माझा मत्सर

प्रिय अन्वी आणि ईशान,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा तोंडात आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा धरून बसलेले दिसले आणि तुम्ही दोघं पोट धरून हसलात. आजोबाही हसायला गेले, काड्या खाली पडल्या आणि तुमच्या आईने घाईघाईने विषय बदलला. तुम्ही अजून लहान आहात असं तिला वाटतं. अन्वी यंदा बारावीला आहे आणि ईशानला मिसरूड फुटली आहे. मला काही तुम्ही लहान वाटत नाही. म्हणून मीच सांगते.

माझं मराठी तुमच्या पुण्याच्या आजींसारखं नाही. शाळा-कॉलेज इंग्रजीत झालं, बाजार तमिळमध्ये, आणि घरातली आमची तंजावरकडची मराठी ऐकून तुम्हीच मागे म्हणाला होतात, "आजी, तू राजाच्या दरबारातून आल्यासारखी बोलतेस." तेव्हा पुस्तकी वाटलं तर सांभाळून घ्या. तुमच्या पुण्याच्या आजी तुम्हाला रोज डबा भरून देतात, मी रविवारी पडद्यावर दिसते. मला त्यांचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हेव्याचाच विषय पुष्कळ येणार आहे.

कवळी

आजोबांच्या पुढच्या दोन दातांची कवळी करायची होती, एवढ्यासाठी आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, आमच्याच रस्त्यावर नवा दवाखाना. तिने माप घेण्यासाठी लोखंडी साचा त्यांच्या तोंडाशी नेला, आणि तो आत जाईना. तिने लहान मुलांचा साचा आणवला. तोही जाईना.

"सर, अजून मोठं उघडा."

"एवढंच उघडतं."

मग मला एकेक गोष्ट आठवू लागली. वर्षभर ते डोसा कात्रीने कापल्यासारख्या पट्ट्या करून खात होते. लाडू फोडून खात होते. रसमात मिरी जास्त झाली की ताट सरकवत होते. देवापुढची समई फुंकून विझवता येईना तेव्हा म्हणाले होते, "फुंकर घालू नये, अशुभ असतं." मी म्हटलं, म्हातारपणी माणूस धार्मिक होतो.

डॉक्टरांनी आरसा घालून गालांच्या आत पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"सर, किती वर्षं?"

"काय किती वर्षं?"

"पान."

"पान नव्हे, तांबूल."

"तंबाखू घालून?"

"किंचित."

"मूठभर," मी म्हटलं.

"अम्मा, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ती म्हणाली. चाळीस वर्षं कॉलेजात वर्गाबाहेर मी इतरांना उभं केलं. त्या दिवशी मी बाहेर बसले.

नंतर तिने दोघांना एकत्र सांगितलं. गालांची आतली कातडी दोरीसारखी घट्ट झाली आहे. एका बाजूला पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा काढून तपासला पाहिजे. तो तंजावरच्या मोठ्या रुग्णालयात काढतील. पण तंबाखू आजच्या आज थांबली पाहिजे, नाही तर तोंड असंच मिटत जाईल आणि डाग काय करेल ते सांगता येणार नाही. तिथेच व्यसन सोडवणारा विभाग आहे, गोळ्या देतात, बोलतात, मदत करतात.

आजोबा स्कूटरपाशी आले. मग स्फोट झाला.

"व्यसन! मजला! दारुड्यांच्या रांगेत बसू मी? पाटबंधारे खात्यात जन्म घालवला, एक दिवस कचेरीत पिऊन गेलो का? देवीपुढे जे ठेवतात ते व्यसन कसं होईल?"

"देवीपुढे तंबाखू नाही ठेवत."

"तुझं तर्कशास्त्र कॉलेजात ठेव."

त्यांनी स्कूटर सुरू केली. मागे बसून मला त्यांच्या गालाची हालचाल दिसत होती. तिथेही चघळत होते.

ज्यांचे आजार चांगले असतात

आपल्या शेजारच्या पद्माचे यजमान हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आले तेव्हा गल्ली लोटली होती. फळं, शहाळी, देवळातला अंगारा. पद्मा दारात उभी राहून सगळ्यांना तीच हकिकत सांगे, आणि दर वेळी डोळे पुसे. मला तिचा इतका मत्सर वाटला की मी शहाळं देऊन लगेच परत आले. तिच्या नवऱ्याचा आजार सांगण्यासारखा होता. मुख्य म्हणजे तिच्या नवऱ्याने डॉक्टरचं ऐकलं होतं.

मी काय सांगणार? माझा नवरा पान खातो? ह्या कुंभकोणमात? पापनाशमच्या बाजूच्या मळ्यांतलं कोवळं पान रोज सकाळी टोपल्यांतून येतं. लग्न असो, बारसं असो, नुसतं हळदीकुंकू असो, पानाशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. दारूची बाटली घराबाहेर फेकता येते. पान मंगल असतं, ते फेकायचं कसं?

मी फेकलं. पितळी डबा धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवला. अडकित्ता कुलपात. नवरात्रात बायकांना नारळ, केळी आणि ब्लाउजपीस दिलं, पान नाही. एक म्हातारी ओटी हातात धरून उभीच राहिली. "घरात काही सुतक आहे का, अम्मा?" मी म्हटलं, "नाही, पानांना कीड लागलीय."

आजोबांनी सगळं पाहिलं. जेवले, अर्धा तास आडवे झाले, उठून चप्पल घातली आणि स्कूटर काढली.

"कोठे निघालात उन्हात?"

"अक्काकडे."

अक्का

अक्का म्हणजे कमलाक्का, आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना पाहिलं आहे, इथून जवळच, साक्कोट्टैला देवळाजवळ एकट्या राहतात, आणि ईशान लहान असताना ज्यांनी त्याच्या गालाचा इतका मुका घेतला की तो रडला होता, त्या.

आजोबांची आई अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे अक्कांनीच त्यांना भरवलं, वाढवलं. आमच्या लग्नात वधूने दातांत विडा धरायचा आणि वराने तो तोडायचा, हा आपला रिवाज. तो विडाही अक्कांनी बांधलेला होता. मी इंग्रजी शाळेतली, मला विडा बांधता येत नव्हता. नंतर शिकले. देठ खुडायचं, मागच्या शिरा नखाने काढायच्या, चुना बोटाच्या टोकाने, सुपारी मधोमध, घडी. आजोबा एकदा खाऊन म्हणाले, "चांगला आहे, पण सुटतो." पुन्हा मी बांधला नाही. अक्कांचा विडा कधी सुटला नाही.

मला अक्कांच्या हातांचा मत्सर वाटे. आजोबा घरात दिवसभरात जेवढं बोलत त्याच्या दुप्पट त्यांच्या ओसरीवर बोलत, त्याचाही. अक्कांचे यजमान वारले तेव्हा त्या काही महिने आमच्याकडे होत्या. जेवत नसत. हात थरथरत, ओकाऱ्या होत, भिंतीला डोकं लावून बसत. सासूबाई म्हणाल्या, "दुःख आहे, निघू द्या." आणि मी कॉफीचा पेला त्यांच्यासमोर ठेवताना मनात म्हणायची, हे असं प्रेम मला तरी जमलं असतं का? हो, मुलांनो, मी त्या बाईच्या शोकाचासुद्धा हेवा केला.

विधवेने विडा खाऊ नये असा तेव्हाचा नेम. अक्कांनी त्या दिवसापासून खाल्ला नाही. पण डबा ठेवला, आल्यागेल्यासाठी. आणि भावासाठी.

आजोबा रोज दुपारी जाऊ लागले. परत येताना ओठ लाल. मी फोन केला.

"अक्का, त्यांना पान देऊ नका."

"का बरं, टीचर?" त्या मला नेहमी टीचरच म्हणतात.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुमच्या घरी फरशीवर डाग पडतात म्हणून सांगितलं असेल. माझी फरशी शेणाची आहे, माझ्याकडे पडू द्या."

मी फोन ठेवला. मग आजोबांना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेवटचं वाक्य असं होतं, "एक तर तिथे, नाही तर इथे." ते म्हणाले, "सरि, बरं." आणि पिशवीत दोन धोतरं घालून साक्कोट्टैला राहायला गेले.

मी तुमच्या आईला फोन करून रडले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तुला अप्पांच्या तोंडाची काळजी आहे, की ते अक्काआत्याकडे गेले याचा राग?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग आधी तोंडाचं बघ," ती म्हणाली.

साक्कोट्टै

मी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेले. निमित्त लागतंच. ऑटोतून उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओसरीवर दोघं बसली होती. आजोबा हातपंखा हलवत होते आणि कसल्याशा कालव्याची जुनी गोष्ट सांगत होते. अक्का विडा बांधत होत्या. बांधून झाल्यावर त्यांनी तो भावाला दिला आणि आपली बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटले. तेवढ्यात मी दिसले.

"या टीचर. पाणी?"

"नको. गोळ्या द्यायला आले." मी तशीच उभी राहिले, आणि मग मला राहवलं नाही. "अक्का, तुमच्या हाताने तुम्ही त्यांचं तोंड शिवताय."

"ऐयो! हे इंग्रजीत बोलता का काय? मजला समजेल असं सांगा."

"त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

आजोबा म्हणाले, "पोदुम, पुरे कर."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "रघू, काय सांगितलं नाहीस?"

मी सांगितलं. साचा, दोरीसारखे गाल, डाग, तंजावर. अक्का ऐकता ऐकता पान पदराला पुसावं तसे हात पुसत राहिल्या. मग आजोबांसमोर सरकून बसल्या. "आ कर."

"अक्का, काय हे..."

"आ कर म्हटलं ना."

त्यांनी केला. अक्कांनी तीन बोटं एकावर एक धरून त्यांच्या दातांमध्ये घालायला पाहिली, लहान मुलाला घास भरवताना बघतात तशी. एक गेलं. दुसरं अर्धं. त्या बोटं तिथेच ठेवून बसल्या. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ताणामुळे असेल.

"ह्या तोंडात मी लिंबाएवढा भाताचा गोळा घालत होते," अक्का म्हणाल्या. मला म्हणाल्या, त्यांना नव्हे.

मग त्यांनी डबा ओढला. एक पान घेतलं, देठ खुडलं, चुना, सुपारी, भरपूर तंबाखू. आजोबांनी सवयीने हात पुढे केला. अक्कांनी विडा मुठीत धरला.

"हा माझा."

"तुझा?"

"मी खाणार."

"अक्का! तू कसा खाशील? तू..." ते तिथे अडले.

"बोल की. विधवा आहे. विडा खाऊ नये. बरोबर? माझ्या तोंडाचा नेम तुला पाठ आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "रघू, तुझे भावजी गेले तेव्हा मी तुमच्याकडे पडले होते, आठवतं? हात असे असे करत होते. ओकत होते. आई म्हणाली दुःख आहे. गल्ली म्हणाली, कमलेचं काय प्रेम नवऱ्यावर. नवऱ्यासाठी रडले रे मी, नाही म्हणत नाही. पण अर्धी मी तंबाखूसाठी रडत होते. कोणाला सांगू? काय सांगू? मांडीखालचं जाजम चावलं मी एके दुपारी. अन् ह्या टीचर मजला कॉफी आणून देत होत्या, एकेक पेला, काठोकाठ."

इतकी वर्षं ज्या शोकाचा मी हेवा केला होता, तो निम्मा शोकच नव्हता.

"मजला कोणी डॉक्टर दाखवला? गोळी दिली? बंद कर म्हणाले, केली. तुजला डॉक्टर आहे, गोळ्या आहेत, तंजावरला घेऊन जायला भांडकुदळ बायको आहे. माझ्या नशिबी त्यातलं काही असतं तर मी धावत गेले असते. तुजला नको आहे ना? मग दे मजला. मी जाते तुझ्या जागी रांगेत बसायला. आणि हा विडाही माझाच."

त्यांनी मूठ तोंडाकडे नेली. आजोबांनी त्यांचं मनगट धरलं.

"नको अक्का."

"का नको?"

"नको."

"कारण सांग."

त्यांनी मनगट सोडलं नाही. मग म्हणाले, "पुन्हा तसं होईल तुजला."

"आणि तुजला?"

आजोबांनी अक्कांच्या मुठीतून विडा काढून घेतला, ओसरीवरून खाली उतरले आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकून आले. परत येऊन मला म्हणाले, "तंजावरची वेळ कधीची आहे?"

मी किती महिने हा प्रश्न ऐकण्यासाठी झुरत होते. आणि ऐकला तेव्हा मला आनंद झाला नाही. माझ्या मनात आधी आलं ते हे, की माझ्यासाठी नाही तयार झाले.

तंजावर

आजोबा पिशवीसकट घरी परतले. रुग्णालयाचं फार सांगत नाही. लांब बाकं, फिनाइलचा वास, पंख्याखालची जागा मिळवण्यासाठीची धडपड. आजोबांनी अट घातली होती की अक्का बरोबर हवी. त्यामुळे आम्ही तिघं. मी तीन थर्मास, वेगवेगळे टॉवेल आणि कागदांची फाइल घेऊन. अक्का दहीभात आणि गावगप्पा घेऊन. लोकांना अक्काच रुग्णाची बायको वाटत होत्या, कारण आजोबा त्यांच्याच शेजारी बसले होते.

आमच्या बाकावर एक बाई होती, जवळच्या खेड्यातली. तिचा नवरा स्वतःहून तंबाखू सोडायला आला होता. "टीव्हीवर जाहिरात पाहिली आणि म्हणाला, चल," ती म्हणाली. जाहिरात पाहून! मी तिच्याकडे पाहून हसले आणि तोंड फिरवलं. त्या बाईसारखी नशीबवान त्या दिवशी मला जगात कोणी दिसली नाही.

गालाचा तुकडा काढायच्या वेळी परिचारिका म्हणाली, "आत एकच जण." मी उठले होते. आजोबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का दहीभाताचा डबा बंद करण्यात गुंतल्या. "मी नाही येत. डॉक्टर इंग्रजीत बोलतील, मजला काय कळणार? टीचर जातील." त्यांना आमच्याइतकंच तमिळ येतं आणि डॉक्टर सकाळपासून तमिळच बोलत होते. मला आत जायला मिळालं ते अक्कांच्या मेहेरबानीने. आत आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. तेवढा वेळ माझा होता, तो मी कोणाला देणार नाही.

अहवाल येईपर्यंत मी घरातलं प्रत्येक कपाट आवरलं. अहवालात कर्करोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही, पण डागावर नजर ठेवावी लागेल, आणि तंबाखू पुन्हा सुरू झाली तर मी काही सांगू शकत नाही. गालात इंजेक्शनं दिली. तोंड उघडण्यासाठी व्यायाम दिला. तुम्ही पाहिलेल्या त्या काड्या दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू वाढवत जायच्या. आता दोन बोटं सहज जातात.

नंबर

व्यसन सोडवणाऱ्या विभागात एक समुपदेशक आहेत, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आजोबांना सांगितलं की तलफ येते तेव्हा ती थोडा वेळच टिकते. तेवढा वेळ काढायला कोणाशी तरी बोलायचं. एक माणूस निवडा. तलफ आली की त्यालाच फोन करायचा, खोटं न बोलता.

मी शेजारीच बसले होते. फोन नुकताच चार्ज केला होता.

"माझी बहीण," आजोबा म्हणाले.

समुपदेशकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चांगलं आहे."

घरी आल्यावर मी आजोबांना विचारलं, "मी का नाही?"

ते काड्या जुळवत बसले. मग म्हणाले, "तुजला सांगितलं तर तू घाबरशील. मग तू चिडशील. मग मी खोटं बोलेन. अक्काला माहीत आहे ती कशी असते." ती म्हणजे तलफ.

ते बरोबर बोलत होते, आणि त्यांचं बरोबर असणंच मला लागलं.

मधे पापनाशमला एका लग्नात तबक फिरत होतं आणि त्यांनी तंबाखूचा विडा घेतला. मला माहीत नव्हतं. त्यांनी फोन करून अक्कांना सांगितलं, अक्कांनी मला सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "ओरडू नका टीचर, त्याने आपण होऊन सांगितलंय." मी ओरडले नाही. पोळ्या लाटल्या. पोळ्या फार पातळ झाल्या. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तंजावरला जाऊन गोळ्या वाढवून घेऊन आले.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, किंवा तुमच्या मित्राच्या घरी, असा माणूस असेल तर एवढंच सांगते. तो ज्याचं ऐकेल असा कोणी तरी असतो. तो तुम्ही असालच असं नाही. नसलात तर जळफळाट होईल. होऊ द्या, आणि त्या माणसाला घेऊन या.

मी अजून जळते. दुपारी कॉफीच्या आधी आजोबांचा आवाज अंगणातून येतो, "अक्का, आली बघ." मग ते बोलतात, हसतात, पाटबंधाऱ्यांच्या गोष्टी सांगतात. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त आवाज करून लावते. आणि बोलणं चालू असेपर्यंत त्यांच्या तोंडात काही नाही, हे मला कळतं.

कधी कधी अंगणातून आवाज येत नाही. ते गप्प बसलेले असतात, जीभ गालात फिरवत, रस्त्याकडे बघत. तेव्हा मी हात पुसते, बाहेर जाते, आणि विचारते, "अहो, अक्कांना फोन केलात का?"

तुमची,
कुंभकोणमची आजी